स्टार्व्हिंग? रिअली?

दुपारचा एक वाजला की ऑफिसात कुणीतरी खुर्ची मागे ढकलतं आणि डिक्लेअर करतं, ‘‘गाइज, आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!’’ अकराच्या चहासोबत समोसा झालेला असतो, ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा असतो, तरीही. चिकलठाणा असो की वाळूज, कँटीनच्या रांगेत हा डायलॉग हमखास ऐकू येतो. म्हटलं, एकदा या शब्दाची कुंडली काढूच.

कुंडलीत निघालं थेट मरण! जुन्या इंग्रजीत ‘स्टेऑर्फान’ म्हणजे मरणं. कशानंही मरा, शब्द हाच. जर्मनचा क्लास लावलेल्यांना त्याचा चुलतभाऊ ‘श्टेर्बन’ माहीत असेल. तो आजही मरणाचंच काम करतो. 14व्या शतकातल्या चॉसरच्या कवितेत तर ख्रिस्त क्रुसावर ‘स्टार्व्ह’ होतो, म्हणजे प्राण सोडतो. पुढे साध्या मरणासाठी ‘डाय’ रुळला आणि ‘स्टार्व्ह’च्या वाट्याला मुख्यतः दोन मृत्यू उरले: थंडीचा आणि भुकेचा. उत्तर इंग्लंडच्या बोलीत थंडीनं काकडलेला माणूसही स्वतःला ‘स्टार्व्ड’ म्हणतो. बाकी सगळीकडे भूक जिंकली. आणि आता? लंच वीस मिनिटं लेट झाला तरी पुरतं!

आपल्या ‘भूक’ची गोष्ट वेगळी. ती आली संस्कृत ‘बुभुक्षा’वरून, म्हणजे खायची इच्छा. इच्छाच ती, थोडी वाढली की पोटात कावळे ओरडतात. ‘मरणाची भूक लागलीय’ असं आपणही म्हणतो म्हणा. पण खऱ्याखुऱ्या प्रकारासाठी मराठीनं एक शब्द राखून ठेवलाय: उपासमार. त्यातला ‘मार’ अजून बोथट झालेला नाही. कँटीनमध्ये ‘‘माझी उपासमार होतेय’’ म्हणून बघा, बोलणाऱ्यालाच कसंतरी होतं.

होणारच. मराठवाड्यात हा शब्द फक्त दोन पिढ्या मागे आहे. 1972 च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांच्या वयाची माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. खायला सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, ‘मिलो’. माझी आजी आजही ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, ‘‘बहात्तर साल बघितलंय बाई.’’

हा शब्द तेव्हा सरकारलाही सीरियसली घ्यावा लागला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली. मागेल त्याला काम, म्हणजे चूल पेटती राहील. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये केंद्रानंही त्याच धर्तीवर देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला.

मग ‘स्टार्व्हिंग’वर बंदी घालायची का? छे! पण ऑप्शन्स आहेत ना. भुकेनं चिडचिड होत असेल तर ‘हँग्री’ म्हणा, 2018 पासून तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. नाहीतर आपले कावळे आहेतच. आणि या रविवारी कॅनॉटला जायच्या आधी घरी जेवताना आजीला सहज विचारा, ‘‘मिलोची भाकरी कशी लागायची गं?’’

जेवण लांबेल. लांबू द्या.