घरचा हिशेब : हुंडणावळ किती?



गणपतींचं विसर्जन झालं की आमच्या घरात दिवाळीची बोलणी सुरू होतात, कारण वहिनीचा फराळाचा व्यवसाय. सियागंजातून रवा, बेसन, तूप येतं आणि चकली, अनारसे, मेतकूट, गोडा मसाला अशी पार्सलं पुणे, नागपूर, हैदराबादला जातात. तळण-वळण तिचं आणि हिशेबाची वही माझी, अशी वाटणी आहे. म्हणून या वेळचा विषय वहीतला आहे: स्वतःच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे, तर ते कोणत्या कंपनीमार्फत?

आधी सगळं व्हॉट्सअॅपवर चालायचं. वहिनी क्यूआर कोड पाठवायची, समोरचा पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवायचा. एका दिवाळीत एकाच सकाळी १,४५० रुपयांच्या दोन ऑर्डरी आल्या. एकीचा स्क्रीनशॉट आला, म्हणून पार्सल गेलं. दुसरी ऑर्डर नागपूरच्या एका आजींची. त्यांचे पैसे मुलाच्या खात्यातून आले होते, त्यामुळे मला नाव जुळेना. भाऊबीज झाल्यावर आजींचा फोन आला, "फराळ निघाला का हो?" तेव्हा बँकेचं स्टेटमेंट नीट पाहिलं. पैसे आजींचेच जमा झाले होते, तो स्क्रीनशॉट खोटा होता. गेलेल्या १,४५० रुपयांचं वहिनीला फारसं वाटलं नाही. आजींचा फराळ चुकला, याचं मात्र फार वाटलं. त्या डिसेंबरात वेबसाइट करायचं ठरलं.

साइट आठ दिवसांत उभी राहिली. पैसे घेण्याची सोय व्हायला मात्र दीड महिना लागला.

ही सोय करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत: रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअॅव्हेन्यू ही त्यांतली परिचित नावं. काम सगळ्यांचं एकच. गिऱ्हाईक यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगने पैसे भरतं, ते आधी कंपनीच्या वेगळ्या राखलेल्या बँक खात्यात जमा होतात आणि एक-दोन दिवसांनी कंपनीचा आकार वजा होऊन आपल्या खात्यात येतात. दुसऱ्या गावी पैसा पोचवण्याबद्दल सावकार जो आकार घेई, त्याला आपल्याकडे हुंडणावळ म्हणत. ही आजची हुंडणावळ. दुसऱ्याचे पैसे मध्ये धरून ठेवण्याचं हे काम असल्याने रिझर्व्ह बँकेने २०२० साली त्याचे नियम केले आणि परवानगी सक्तीची केली. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर असते. पहिली चाळणी तिथेच लावावी.

आता दर. "फक्त २ टक्के" असं लिहिलेलं असलं, तरी त्या आकारावर बहुधा १८ टक्के जीएसटी असतो. हजार रुपयांच्या ऑर्डरीवर २० रुपये आकार, त्यावर ३ रुपये ६० पैसे कर. हाती ९७६ रुपये ४० पैसे. ही कपात किंमत ठरवतानाच धरावी, नाहीतर ती आपल्या नफ्यातून जाते.

दुसरा प्रश्न यूपीआयचा. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घ्यायचा एमडीआर, म्हणजे बँकांकडे जाणारा आकार, सरकारने शून्यावर आणला. तरीही काही कंपन्या आपल्या सेवेचा आकार म्हणून यूपीआयवरसुद्धा पैसे घेतात. आपली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं यूपीआयनेच भरणार असतील, तर सगळ्या हिशेबात हाच आकडा मोठा. तो लेखी विचारून घ्यावा.

तिसरी गोष्ट वार्षिक शुल्काची. समजा, एका कंपनीचा दर २ टक्के आणि वार्षिक शुल्क काही नाही. दुसरीचा दर दीड टक्का, पण वर्षाला ५,००० रुपये. फरक अर्ध्या टक्क्याचा. म्हणजे वर्षाला दहा लाखांची ऑनलाइन विक्री झाली, तर बरोबरी. त्याखाली पहिलीच स्वस्त.

हे सगळं मी कागदावर मांडलं आणि सर्वांत कमी दराची, पावणेदोन टक्क्यांची कंपनी निवडली. इथेच चुकलो.

अर्जात महिन्याची अपेक्षित विक्री २०,००० रुपये लिहिली होती. श्रावणापर्यंत ती तेवढीच होती. दिवाळीआधीच्या आठ दिवसांत १ लाख ८० हजारांच्या ऑर्डरी आल्या. आम्ही खुशीत, आणि कंपनीच्या यंत्रणेला संशय. वसुबारसेच्या दिवशी ईमेल आला: खातं तपासणीसाठी थांबवलं आहे, बिलं आणि कुरिअरच्या पावत्या पाठवा. त्याच संध्याकाळी सगळं पाठवलं. फोन नंबर नव्हताच. प्रत्येक ईमेलला तक्रार क्रमांक यायचा, माणूस काही यायचा नाही.

धनत्रयोदशीला हाताखालच्या दोघींचे पैसे द्यायचे होते. महिनाभर त्या पहाटे सहाला येऊन चकल्या पाडत होत्या. त्यांच्या घरची दिवाळी या पैशांवर होती. वहिनीने भिशीतल्या मैत्रिणीला गाठलं आणि तिचा नंबर आपल्याकडे मागून घेतला. दोघींचे पैसे वेळेवर गेले. आमचे १ लाख ८० हजार अकरा दिवसांनी, दिवाळी उलटल्यावर आले.

नंतर मी वहीत एक हिशेब केला. २ टक्क्यांची कंपनी घेतली असती, तर त्या रकमेवर पाव टक्का म्हणजे ४५० रुपये आणि ८१ रुपये जीएसटी, असे ५३१ रुपये जास्त लागले असते. ५३१ रुपये वाचवले आणि त्यापायी वहिनीला मैत्रिणीपुढे हात पसरावा लागला. ती मला काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

कंपनीचा सगळा दोष नव्हता. खोट्या दुकानांना आळा म्हणून अशी तपासणी करावीच लागते, आणि सणाची विक्री आम्ही आधी कळवली नव्हती. पण अडचणीत फोन उचलणारं कोणी आहे का, हे निवडतानाच पाहायला हवं होतं. यंदा मी अर्ज करण्यापूर्वी तीन कंपन्यांच्या मदत-क्रमांकांवर शनिवारी संध्याकाळी फोन करून पाहिले. जिथे माणूस बोलला, ती कंपनी घेतली. दर २ टक्के. सणाच्या महिन्याचा अंदाज महिनाभर आधी लेखी कळवला.

आणखी काही गोष्टी, ज्या आम्हाला उशिरा कळल्या:

कागद आधी जमवा. पॅन, बँक खात्याचा पुरावा, उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा क्रमांक. साइटवर पत्ता-फोन, पाठवणीचे नियम आणि पैसे परत करण्याचे नियम ही पानं नसतील, तर अर्ज अडतो. इंदूरहून महाराष्ट्रात करपात्र माल विकायचा, तर विक्री थोडी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. त्याबाबत आपल्या सीएंना विचारूनच पुढे जा.

पैसे कापले गेले, पण ऑर्डर नोंदली नाही, असं होतं. गिऱ्हाइकाने मध्येच पान बंद केलं, तरी कंपनीने आपल्या साइटला परस्पर कळवावं अशी सोय असते. तिला वेबहूक म्हणतात. साइट करणाऱ्याकडून ती जोडून घ्या आणि स्वतः दहा रुपये भरून, मध्येच मोबाइल बंद करून पाहा. पैसे कापले जाऊन दुकानदाराला पोच मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आलं की निम्मं भांडण मिटतं.

कुरिअरच्या पावत्या जपून ठेवा. "माल मिळाला नाही" म्हणून कोणी बँकेकडे तक्रार केली, तर ठरलेल्या मुदतीत पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो.

परदेशी कार्डांसाठी बहुधा वेगळी मंजुरी लागते आणि दरही जास्त असतो. पेपाल तर एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही. वर्षाला दोन-चारच ऑर्डरी असतील, तर अमेरिकेतल्या भाच्याने पुण्याच्या भावाकडून पैसे भरवणं हेच सोपं.

परवा यंदाची पहिली ऑर्डर आली. नागपूरच्या आजींची, फोनवरच. "ते साइटबिट मला जमत नाही बाई," म्हणाल्या. वहिनीने त्याच कंपनीची पेमेंट लिंक त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवली. पाच मिनिटांत पैसे भरले गेले आणि वहीत आजींचंच नाव पडलं. अनारसे दोन जास्तीचे घालायचे, असं वहिनीने त्यापुढे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

पुढच्या महिन्यात बँक खात्यातल्या नॉमिनीविषयी. शंका असतील तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा.