बाक कापू नका

थेट मुद्द्यावर येतो. जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीचं मधलं बाक कापून तिथे प्लायवूडचा डेक ठोकणाऱ्या मंडळींवर माझा राग आहे. त्या मंडळींपैकी एक मी स्वतः होतो, त्यामुळे हा राग बाळगायचा मला पूर्ण अधिकार आहे.

मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. हा विनय आहे. दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. मे उजाडला की घरोघरी ताडपत्र्या निघतात आणि त्याखालून बोटी बाहेर येतात. त्यातल्या कितीतरी बोटी चौदा-सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमच्या, रिव्हेट ठोकलेल्या आणि मालकाच्या वयाच्या असतात.

या बोटींचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा आणि पत्र्याला पत्रा रिव्हेटने जोडणाऱ्या हातांचा पूर आला होता. युद्ध संपलं, आणि विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने त्याच पत्र्याच्या कनू बनवायला घेतल्या. मिनेसोटातही १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात असे कारखाने उभे राहिले. हलका पत्रा, जागोजागी बरगड्या, आडवी तीन बाकं आणि मागे इंजिन टांगायला एक जाड फळी. बस्स, एवढीच बोट.

माझी बोट १९७६ची. ट्रेलरसकट साडेसहाशे डॉलरला मिळाली. मराठी मंडळातल्या मित्रांनी विचारलं, “अरे, परवडते की तुला नवी. हे भंगार कशाला?” मी ऐटीत म्हणालो, “भंगार नाही, प्रोजेक्ट आहे.” आता कळतं, त्या वाक्यातच घोळ होता. प्रोजेक्ट म्हटलं की समोरची वस्तू कच्चा माल होते. ती आधीपासून काहीतरी आहे, हे आपण विसरतो.

मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. फोन उघडला. ‘जुन्या टिनाच्या बोटीची बास बोट, फक्त एका वीकेंडमध्ये.’ असे व्हिडिओ ढिगाने आहेत. पहिल्या मिनिटाला ग्राइंडर फिरतो, ठिणग्या उडतात, मधलं बाक निघतं. पाचव्या मिनिटाला लाकडी चौकट. आठव्या मिनिटाला करडं कार्पेट, फिरती खुर्ची, निळे एलईडी. शेवटी बोट गॅरेजमध्ये चकाकत उभी. लाइक, शेअर, संपलं.

माझं पहिलं भांडण इथेच आहे. व्हिडिओ संपतो तिथे बोट सुरू होते. त्या बोटीचा तिसरा उन्हाळा कोणी दाखवत नाही. कार्पेटखाली कुजलेलं प्लायवूड, स्क्रूभोवती खाल्लेला पत्रा, बाक काढल्यावर लाटेगणिक फुगणाऱ्या आणि आत येणाऱ्या कडा, हे दाखवायला कोणाला वेळ नाही. पुढची बोट कापायची असते ना.

मी बाक कापलं. आतून निघालेला फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झाला होता, तो फेकला. त्याच्या जागी नवा घालायचा असतो हे मला सुचलंही नाही. मला ती ‘मोकळी जागा’ दिसली. तिथे सामानाचा कप्पा केला.

आता त्या बाकाचं गणित सांगतो. ते मला कापण्याआधी माहीत असायला हवं होतं.

बाक हे बसायचं साधन आहे, हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. दुसरं काम तुळईचं. बोटीच्या दोन्ही बाजूंचा पातळ पत्रा या आडव्या बाकांनी एकमेकांना धरून ठेवलेला असतो. तुळई काढलीत तर बोट लगेच मोडत नाही. ती थोडी थोडी हलायला लागते, आणि त्या हलण्याने रिव्हेट सैल होत जातात. तिसरं काम फोमचं. एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे २८ किलो. तेवढ्याच आकाराच्या फोमचं जेमतेम एक किलो. म्हणजे एक घनफूट कोरडा फोम बुडालेल्या बोटीचा सुमारे २७ किलो भार पाण्यावर तोलून धरतो. माझ्या मधल्या बाकात साधारण साडेचार घनफूट फोम मावत होता. म्हणजे १२० किलोंचा आधार मी कचऱ्याच्या पेटीत टाकला.

आणि वर काय चढवलं? पाऊण इंची प्लायवूड, चौकट, कार्पेट, खुर्ची. मिळून ऐंशी किलोंच्या घरात. म्हणजे एक अख्खा गडी कायमचा बोटीत उभा. तोही तळाशी नाही, वर डेकवर.

बोटीच्या आत एक छोटी पत्र्याची पाटी होती. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. अमेरिकेत १९७१ साली बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला, आणि १९७२च्या नोव्हेंबरपासून वीस फुटांखालच्या अशा बोटींवर ही पाटी सक्तीची आहे. माणसांचा ढोबळ हिशोबही सोपा आहे : लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा, सगळं फुटांत. चौदा गुणिले पाच म्हणजे सत्तर, भागिले पंधरा, म्हणजे चार माणसं. पण हा आकडा कारखान्यातून निघालेल्या बोटीचा. माझ्या बोटीचा नव्हे. माझ्या बोटीला पाटीच उरली नव्हती. पाटीवर फक्त जुने आकडे होते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. ‘हा जुना कोड कशाला आहे कळत नाही, उडवून टाकू’ असं म्हणणाऱ्या पोरांना मी ऑफिसात झापतो. घरी ग्राइंडर हातात आला आणि मी तेच पोर झालो.

मे महिन्याच्या मध्यावरचा शनिवार. वॉलाय माशाचा मोसम सुरू होतो तो दिवस. बोटीत मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि एक मित्र. बर्फ वितळून महिनाही झाला नव्हता. मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, कारण इथे दहा वर्षांखालच्या मुलांना ते कायद्याने घालावंच लागतं. माझ्या अंगात होतं. मित्राचं डेकखालच्या माझ्या त्या सुंदर कप्प्यात, झाकण लावून ठेवलेलं होतं.

किनारा तीस-चाळीस मीटरवर असेल. एक मोठी बोट शेजारून गेली, तिची लाट आडवी आली. मित्र डेकवर उभा होता, गळ टाकत. तोल सावरायला तो ज्या बाजूला वाकला, त्याच बाजूचा काठ पाण्याखाली गेला. बोट उलटली नाही. भरली. इंजिनाच्या वजनाने मागची बाजू खाली गेली ती वर आलीच नाही. पाणी आमच्या छातीपर्यंत होतं, म्हणून आज हा लेख लिहितोय. पण गार पाण्यात पहिला अर्धा मिनिट श्वासच आपला नसतो. मित्राला पाय टेकतात हे कळायलाही वेळ लागला. धक्क्यावरच्या एकाने दोर फेकला. मुलीचे ओठ निळे पडले होते आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “बाबा, बोट का बुडली? बोट तर तरंगते ना?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. होतं, पण द्यायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले. जन्मभर पत्र्याचं काम केलेला माणूस. त्यांनी बोटीत डोकावून दोनच प्रश्न विचारले. “फोम कुठे गेला?” आणि “बाक?” पुढे काही बोलले नाहीत. आठवड्याने एक लोखंडी ठोकळा घेऊन आले आणि म्हणाले, “रिव्हेट एकट्याने ठोकता येत नाहीत.”

खरंच येत नाहीत. भरीव रिव्हेट बाहेरून हवेच्या हातोड्याने मारायचा आणि त्याच वेळी आतून दुसऱ्याने त्याच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मग ते टोक चेपतं, पसरतं आणि पत्रा पकडतं. बाजारात एकट्याने लावायचे पॉप रिव्हेटही मिळतात. पण साध्या पॉप रिव्हेटच्या मधे भोक असतं. पाण्याखाली ते गळणारच. आमच्या गॅरेजात हातोडा माझ्याकडे, ठोकळा मुलीकडे. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. तिने किमान साठ रिव्हेट धरले असतील. ही बोट आता तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

मागची फळी उघडली तेव्हा आधीच्या मालकाचीही करामत दिसली. त्याने कुजू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड बसवलं होतं. त्या औषधात तांबं असतं. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. फळीमागे पांढरी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं. टिकाऊपणाच्या नावाखालीच बोट खाल्ली गेली होती. आम्ही साध्या बाहेरच्या प्रतीच्या प्लायवूडचे दोन थर चिकटवून, कडा इपॉक्सीने बंद करून बसवले. त्यालाही एप्रिल उजाडला. उणे वीस अंशांत इपॉक्सी सुकत नाही, आणि मिनेसोटाचा हिवाळा तुमच्या वीकेंडचा विचार करत नाही.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो. ‘म्हणजे बदल करायचेच नाहीत? बोट काय म्युझियमची आहे?’ अजिबात नाही. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणणारे सोवळेवालेही मला तितकेच नकोत. जी बोट पाण्यात जात नाही ती शोपीस. मीही बदल केले. दिवे एलईडी केले. पाणी उपसायचा छोटा पंप बसवला. बाकावर अडकवायची पाठ असलेली खुर्ची आणली. ती दोन मिनिटांत निघते. लाइफ जॅकेटसाठी बाजूला उघडी जाळी बांधली. झाकण नाही.

फरक एवढाच, की आता काहीही काढण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. ही वस्तू इथे काय काम करते? ती काढली तर ते काम कोण करणार? आणि चुकलं तर परत बसवता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर करवत खाली ठेवायची. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे.

हे फक्त बोटीपुरतं आहे असं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. फ्लॅटचं किचन ‘ओपन’ करायला भिंत पाडणारे लोक ती भिंत वरचा भार घेते का, हे कोणाला विचारतात? कोकणात कौलं उतरवून पत्रा चढवलेल्या घरात मे महिन्यातल्या दुपारी बसून बघा. कौलांच्या फटींतून काय ये-जा करत होतं ते अंगावर कळेल. आपल्याला जुन्यात नेहमी ‘वाया गेलेली जागा’ दिसते. बहुतेक वेळा ती जागा काहीतरी काम करत असते. गुपचूप करते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

पैशाचा हिशोबही लपवत नाही. डेकवर नऊशे डॉलर वाया गेले. बोट परत बोट करायला अकराशे लागले, आणि एका अख्ख्या हिवाळ्याचे वीकेंड. नवी चौदा फुटी बोट इंजिन आणि ट्रेलर धरून दहा हजार डॉलरच्या सहज पुढे जाते, त्यामुळे मी अजूनही फायद्यात आहे. पण तासांचे पैसे धरले तर नाही. ‘जुनं दुरुस्त करणं स्वस्त पडतं’ असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. ते स्वस्त पडत नाही. फक्त शेवटी तुम्हाला तुमची बोट माहीत असते.

तुम्ही आज जुनी बोट आणली असेल तर ग्राइंडर लावू नका. ती ट्रेलरवर ठेवा, बूच लावा आणि आत तीन-चार इंच पाणी भरा. जास्त नको, पाणी जड असतं. मग मार्कर घेऊन खाली वाका आणि जिथे जिथे थेंब दिसेल तिथे गोल करा. बोट तिची तक्रार स्वतः सांगते, फक्त उलट्या दिशेने. तास-दीड तास लागेल. याचा व्हिडिओ केलात तर कोणी बघणार नाही.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एकवीस गोल झाले. या एप्रिलमध्ये एक. डाव्या बाजूला, मधल्या बाकाच्या अगदी खाली. मुलगी म्हणते तो तिने धरलेला रिव्हेट नव्हे. शनिवारी बघू.