एक्स्प्लेनर : बीपीची गोळी चहापेक्षा स्वस्त, पण शहागंजच्या हातगाडीवाल्याने ती आणायला जायचं कधी?

शहागंजच्या घंटाघराभोवती सकाळी जी गर्दी असते, त्यात भाजी-फळांचे विक्रेते, हमाल, रिक्षावाले आणि चेलीपुऱ्याकडून खरेदीला आलेली माणसं असतात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. ही सरासरी इथे लावली, तर या गर्दीतल्या साधारण प्रत्येक तिसऱ्या माणसाचं बीपी वाढलेलं असू शकतं. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

वाढतं म्हणजे नेमकं काय?

हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या हे पाइप, असं धरा. पंप आवळतो तेव्हा पाइपच्या भिंतीवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा. तो सैल सुटतो तेव्हा उरणारा दाब म्हणजे खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्यापुढे येत असेल, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. (नळाला प्रेशर नाही ही ज्या शहराची रोजची तक्रार, तिथे जास्त प्रेशर वाईट हे पटवून देणं जरा अवघडच.) दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की पाइप कडक होतो, आतून खराब होतो आणि एके दिवशी तुंबतो किंवा फुटतो. मेंदूत हे घडलं तर लकवा, हृदयात घडलं तर झटका. मूत्रपिंडाचं नुकसान हळूहळू होतं आणि प्रकरण डायलिसिसपर्यंत जातं.

या सगळ्या काळात शरीर बहुधा काहीच तक्रार करत नाही. ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसलं बीपी?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

मोजण्यातही गडबड होते. गाडी ढकलून आलेला माणूस, नुकताच प्यायलेला चहा, तोंडात तंबाखू, आणि मेडिकलच्या काउंटरवर उभ्याउभ्या पुढे केलेला हात. अशा वेळी मशीनवर येणारा आकडा त्याचा खरा आकडा नसतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबावं. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा दंडाला नीट बसणारा असावा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो.

गळती कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातल्या १८ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांना हा विकार आहे. त्यातले शंभर जण घ्या. निदान झालेले ३७. उपचार घेणारे ३०. दाब आटोक्यात असलेले फक्त १५. एखाद्या पाइपलाइनमध्ये शंभर लिटर सोडून शेवटच्या घरात पंधरा लिटर पोहोचत असतील, तर कुठलाही इंजिनिअर आधी गळती शोधेल. इथे दोन मोठ्या गळत्या आहेत. एक म्हणजे ६३ जणांपर्यंत मशीनच पोहोचलेलं नाही. दुसरी अधिक बोचणारी. जे उपचार घेतात त्यांच्यातल्याही निम्म्यांचं बीपी आटोक्यात नाही.

या दुसऱ्या गळतीमागचं एक मोठं कारण आपल्या आजूबाजूला रोज ऐकू येतं. गोळी सुरू झाली, महिन्याभराने आकडा नॉर्मल आला, ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी बंद. किंवा ‘एकदा लागली की सवय लागते’ या भीतीने सुरूच केली नाही. गोळीची सवय लागत नाही. आकडा नॉर्मल येतो तो गोळीमुळे, आणि ती सोडली की बहुतेकांचा दाब पुन्हा चढतो. मे महिन्याच्या उन्हात काहींचं बीपी खाली येतं हे खरं, पण तेव्हाही डोस डॉक्टरांनी कमी करायचा असतो, आपण नाही.

आफ्रिकेशी आपला काय संबंध?

जागतिक आरोग्य संघटना जगाची जी विभागवार मांडणी करते, तिच्यानुसार आफ्रिका विभागातही उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं आहे. तिथली कारणं वाचताना वारंवार आपलंच शहर डोळ्यांसमोर येतं. वेगाने वाढणारी शहरं, जेवणात बाजारच्या तयार पदार्थांचा वाढता वाटा, वाढतं वजन, दारू आणि मीठ. पश्चिम आफ्रिकेत रश्श्यात घातल्या जाणाऱ्या मसाल्याच्या वड्यांतून बरंच मीठ पोटात जातं. आपल्याकडे हेच काम लोणचं, पापड, फरसाण आणि बेकरीचा माल करतो. नान-खलियातला नानही त्यातून सुटलेला नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ, ही शिफारस आहे. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. शंभर ग्रॅम फरसाणमध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झालं.

दक्षिण आफ्रिकेने हे ग्राहकाच्या संयमावर सोडलं नाही. ब्रेडसह अनेक तयार पदार्थांत किती मीठ चालेल याची मर्यादा तिथे कायद्याने ठरवली आणि ती जून २०१६ पासून लागू झाली. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही.

त्यात आपली खास भर तंबाखूची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही चौकात दिसतं. तंबाखूतलं निकोटिन दर खेपेला नाडी आणि दाब दोन्ही चढवतं.

औषधांच्या बाबतीतही आफ्रिकेने आधी प्रश्न विचारला. सहा देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिओल’ अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांवर अमलोडिपिन असलेल्या गोळ्यांच्या जोड्या अधिक परिणामकारक ठरल्या. भारतात ३२ रुग्णालयांतल्या जवळपास दोन हजार रुग्णांवर तसाच ‘टॉपस्पिन’ अभ्यास झाला. इथे मात्र तपासलेल्या तिन्ही जोड्या सारख्याच उपयोगी निघाल्या आणि सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आला. याचा सरळ अर्थ असा की कुठली गोळी द्यायची, हा आपला मुख्य प्रश्न नाही.

मग प्रश्न कशाचा?

वेळेचा. सरकारी रुग्णालयाची ओपीडी साधारण सकाळी असते आणि मंडीतला धंदाही सकाळीच. घाटीत जाऊन केसपेपर, रांग, तपासणी, पुन्हा औषधाची रांग यात गेलेला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची बुडालेली कमाई. साधी जेनेरिक अमलोडिपिनची गोळी एका कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते, पण ती मिळवण्याची किंमत दर महिन्याला अर्धी मजुरी असेल तर माणूस तिसऱ्या महिन्यात फिरकत नाही. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. आम्हाला ते अन्यायाचं वाटतं.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच वापरून झाला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. ठरलेली मोजकी औषधं, एका वेळी किमान ३० दिवसांच्या गोळ्या, परिचारिकेनेही बीपी तपासून नोंद ठेवणं, आणि तारीख चुकवणाऱ्याला फोन, एवढंच त्याचं सूत्र. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तेव्हा देशभर ३४ लाखांहून अधिक लोक त्यातून उपचार घेत होते आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात होता. शंभरातले निम्मे हा आकडा दिपवणारा नाही, पण पंधराच्या मानाने बराच मोठा आहे.

संध्याकाळच्या दवाखान्याची कल्पनाही नवी नाही. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेची वेळच दुपारी २ ते रात्री १० अशी जाहीर झाली होती, ती कष्टकऱ्यांचा विचार करून. शहागंजसारख्या बाजारपेठेच्या आसपास ही वेळ बीपीच्या फेरतपासणीसाठी राखून ठेवता येईल. गाडी लावून झाल्यावर दहा मिनिटांत मोजणी, दोन महिन्यांच्या गोळ्या हातात, पुढची तारीख कार्डावर. ते कार्ड आणि बाहेरचा फलक मराठीबरोबर उर्दूतही हवा. या भागात निम्मं काम त्यानेच होईल.

१७ मेच्या जागतिक उच्च रक्तदाब दिनाला चौकाचौकांत शिबिरं होतात, फोटो येतात, आणि किती जणांचं बीपी मोजलं हे छापून येतं. तो आकडा आता पुरे झाला. तीन महिन्यांनी त्यातले किती परत आले आणि आलेल्यांपैकी किती जण १४०/९० च्या खाली होते, हे दोन आकडे महापालिकेने दर तिमाहीला वॉर्डनिहाय जाहीर करावेत.