ताटलीत पडतं ते सगळं अंगी लागत नाही

मंडळी, आज राजकारण नाही. आज कुत्र्याच्या पिलावर लिहितोय. हसायचं ते हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

२०२१च्या डिसेंबरात शेजारच्या माजलगाव तालुक्यात, लवूळला माकडं कुत्र्यांची पिलं उचलून नेतात म्हणून देशभर गाजावाजा झाला. आम्ही पत्रकारांनी रकानेच्या रकाने भरले. पण आपल्याच ओसरीवर पिलाचे पाय वाकतात, त्याची बातमी कुणी करत नाही. कारण तिथं गुन्हेगार माकड नसतं, आपण असतो. माझ्या घरीही हे घडलंय.

वडवणीत आता जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर पाळायची हौस आलीय. पिलू आणायला हजारो रुपये निघतात, खायला मात्र भाकरी-दूध. भाकरी वाईट नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. ज्वारी-बाजरीतलं फायटेट जस्त, लोह, कॅल्शियम धरून ठेवतं. बरंचसं अंगी न लागताच बाहेर पडतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. नुसत्या वाढ्यावर ठेवलेला बैल खंगतो, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम असंच अडवून धरतं.

काहीजण नुसतं मटण घालतात. कुत्र्याला फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा जरा जास्त कॅल्शियम लागतं. बिनहाडाच्या मांसात उलटं असतं, फॉस्फरस कितीतरी पट जास्त.

मग पाय वाकले की कुणीतरी सांगतं, ‘कॅल्शियमची बाटली पाजा.’ विकणारा ना वय विचारतो ना वजन. अहो, लहान पिलाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही! मोठ्या जातीच्या पिलाची हाडं, सांधे त्यानंच बिघडतात. वर ते जस्ताचीही वाट अडवतं. ‘उन्हात बांधा’ हाही सल्ला फुकटचा. माणसासारखं कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच जावं लागतं.

म्हणून स्पष्ट सांगतो. पाकिटावर ‘कॅल्शियमयुक्त’ दिसलं की भुलू नका. कॅल्शियम किती, फॉस्फरस किती, पिलासाठी की मोठ्यासाठी, एवढं बघा. लिहिलं नसेल तर पाकीट दुकानदाराला परत द्या. आणि बाटली उघडण्याआधी पिलू जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. कुत्रं दूध देत नाही म्हणून तिथं न्यायला लाजता. पण रात्री आखाड्यावर त्याच्याच भरवशावर झोपता ना?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.