शहर वाडीत आले, वाडी शहरात गेली नाही



‘खेड्यातली माणसे झगमगाटाला भुलून शहरे फुगवतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे निदान नागपूरजवळच्या आमच्या वाडीला तरी लागू पडत नाही. इथे शहरच अमरावती रस्त्याने चालत आले. आधी अंबाझरीची आयुध निर्माणी, जवळच हिंगण्याची एमआयडीसी, मग महामार्गालगत ट्रान्सपोर्टची गोदामे. नागपुरात जकात होती तोवर माल हद्दीबाहेर उतरवणेच व्यापाऱ्याला परवडे. झगमगाटाचा संबंध कुठे?

२०११ च्या जनगणनेने वाडीला ‘जनगणना शहर’ ठरवले, तेव्हा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि ७५ टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढे भरले की झाले शहर! नळ, गटार, अग्निशमन यांची अट नाही. देशात अशी गावे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४. नगर परिषद आम्हाला पुढे मिळाली. घरे तोवर बांधून झाली होती.

पत्रलेखकांनी लागोस-ढाक्याचे दाखले खुशाल द्यावेत. पण गर्दीचा ठपका भाड्याच्या खोलीतल्या हमालावर ठेवण्याआधी, गोदामांना परवानगी देताना ट्रक उभे कुठे राहणार हे कुणी विचारले होते का, तेही लिहावे.

– एक रहिवासी, वाडी (नागपूर)