शाळेचें वर्ष आणि पोटाचें वर्ष

प्राथमिक शाळा म्हणजे केवळ धडे घोकण्याची जागा नव्हे. ती गांवांतील मुलांची पहिली सार्वजनिक संस्था होय. जूनच्या मध्यास प्रवेशोत्सव, आषाढांत मुलांची दिंडी, १५ ऑगस्टची प्रभातफेरी, नवरात्रांतील हादगा, थंडींत क्रीडास्पर्धा, सहल व स्नेहसंमेलन, ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारीचें झेंडावंदन, एप्रिलांत परीक्षा आणि १ मे रोजीं निकाल, असा तिचा ऋतुक्रम असतो. वरवर पाहणारास हीं करमणुकीचीं कामें वाटतात. पण आपली पाळी येईपर्यंत रांगेंत थांबणें, दुसऱ्याच्या यशाला मोकळ्या मनानें टाळी देणें, परसबागेंतील वाफा वाळला तर ती सर्वांची हयगय मानणें, हे नागरिकत्वाचे धडे कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहींत. दुपारच्या भोजनाची पंगत तर याहून मोठा धडा देते. ज्या महाराष्ट्रांत डॉ. आंबेडकरांस लहानपणीं साताऱ्याच्या शाळेंत घरून नेलेल्या गोणपाटावर निराळें बसावें लागलें, त्याच महाराष्ट्रांत सर्व जातींचीं मुलें एका ओळींत बसून एका भांड्यांतील अन्न खातात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आमचा प्रश्न असा कीं, या ओळींत थंडीच्या दिवसांत बसतें कोण? बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, धारूर या बाजूंच्या खेड्यांत दसरा-दिवाळी होतांच ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यांतच उचल घेतलेली असते. नवरा व बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि ती उचल फिटेपर्यंत तें जोडपें कारखान्याच्या फडांशीं बांधलेलें असतें. पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत सुमारें पांच-सहा महिने कोपींत संसार करावयाचा आणि गळीत हंगाम संपला म्हणजे परत फिरावयाचें. अशा आईबापांबरोबर जें मूल जातें, त्याच्या दृष्टीनें शाळेचें वर्ष दिवाळीसच संपतें. सहल नाहीं, संमेलन नाहीं, परीक्षाहि नाहीं. आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर ती कोपींत धाकटें भावंड सांभाळते, पाणी भरते, आणि आई फडांतून येण्यापूर्वीं चूल पेटविते. गांवच्या शाळेंत तिचें नांव असतें, पण ती नसते.

यावर नेहमींचें उत्तर असें कीं, 'या लोकांस शिक्षणाची किंमत नाहीं.' हें उत्तर जितकें सोयीचें तितकेंच अन्यायाचें आहे. ज्याच्या डोक्यावर उचल आहे व ज्याच्या घरीं मुलास सांभाळण्यास कोणी नाहीं, त्यानें मूल मागें ठेवावें तरी कोणाच्या भरंवशावर? आईबापांस दोष देण्यापूर्वीं ज्यांच्यावर कायद्यानें कर्तव्य टाकलें आहे त्यांच्याकडे पाहणें न्यायाचें होईल.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या कलम ९ मध्यें स्थानिक प्राधिकरणाचीं, म्हणजे खेड्यापुरतीं बोलावयाचें तर जिल्हा परिषदेचीं, कर्तव्यें सांगितलीं आहेत. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळेल असें पाहणें हें त्यांतील एक, आणि शाळेचें वार्षिक वेळापत्रक ठरविणें हें दुसरें. एकाच कलमांत हीं दोन कर्तव्यें शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. पण व्यवहारांत त्यांची एकमेकांशीं ओळखहि झालेली दिसत नाहीं. कलम ५ प्रमाणें दुसऱ्या शाळेंत जाणाऱ्या मुलास मुख्याध्यापकानें दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला येण्यास उशीर झाला या सबबीवर नव्या शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. कलम १५ प्रमाणें वर्षाच्या मध्यास आलेल्या मुलासहि दार बंद करतां येत नाहीं. सारांश, उणीव कायद्याची नाहीं. ती इच्छेची आहे.

'वेळापत्रक गांवोगांव बदलूं लागलें तर कारभार कसा चालावा?' असा आक्षेप येईल. पण विदर्भांतील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळें इतर भागांच्या मागाहून, जूनच्या उत्तरार्धांत उघडतात, आणि त्यामुळें कारभार बंद पडल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. उन्हासाठीं जें वर्ष वाकतें तें पोटासाठीं कां वाकूं नये? कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांमागें शाळाच कुरणांत नेली. मूल शाळेकडे येऊं शकत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें तत्त्व आम्हांस परकें नाहीं.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : ज्या गांवांतून टोळ्या जातात तेथें शाळेच्या सामुदायिक जीवनाचा मुख्य हंगाम पावसाळा असावा. जून ते दिवाळी सर्व गांव घरीं असतें. त्या काळांतच संमेलन, खेळ व पालकसभा व्हाव्या. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. पण त्या समितीची महत्त्वाची बैठक जानेवारींत भरली तर ऊस तोडणारी आई तींत बसणार कशी? दुसरी : केवळ वेळापत्रक हलवून सर्व साधणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे २०० दिवस कायद्यानें ठरले आहेत, आणि दिवाळीपर्यंत फार तर त्यांतले निम्मे भरतात. म्हणून आईबाप गेले तरी मूल गांवीं राहावें यासाठीं निघालेलीं हंगामी वसतिगृहें टोळी निघण्यापूर्वींच उघडलीं पाहिजेत. टोळी गेल्यावर मिळालेली मंजुरी ही मंजुरी नव्हे, थट्टा होय. तिसरी : जें मूल आईबापांबरोबर गेलें, त्यास कारखान्याजवळील शाळेनें पाहुणें न मानतां आपलें मानावें. हजेरीपटांत त्याचें नांव असावें, पंगतींत त्याचें ताट असावें, आणि संमेलनाच्या रंगमंचावरहि त्यास जागा असावी. साखर कारखान्यांनींहि या खर्चाचा वांटा उचलावा. ज्या हातांनीं मोळ्या बांधल्या जातात, त्या हातांच्या लेकरांस वर्गांत पोंचविण्याची व्यवस्था करणें हा धर्मादाय नव्हे, देणें आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें व परकी सरकारच्या कौन्सिलानें १९१२ सालीं तें फेटाळलें. शाहू महाराजांनीं मात्र १९१७ सालीं आपल्या कोल्हापूर संस्थानांत तेंच तत्त्व अंमलांत आणण्याचा निश्चय केला. त्या काळीं आम्हांस परक्या सरकारकडे बोट दाखवितां येत होतें. आतां सरकार आमचें, कायदा आमचा, जिल्हा परिषद आमची आणि साखरहि आमचीच. तेव्हां बोट दाखविण्यास जागा उरलेली नाहीं. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक तालुक्यानें जाणाऱ्या मुलांची यादी करावी, आणि त्यांतील प्रत्येक नांवापुढें तें मूल थंडींत कोणत्या शाळेंत बसणार हें लिहावें. जें नांव कोरें राहील, त्याचा जाब मतदारांनीं आपल्या प्रतिनिधीस विचारावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.