वाचावयाचा खेळ

खेळांत रमलेला विद्यार्थी वाचनास मुकतो, हें मत आम्हांस सर्वस्वी मान्य नाहीं. संगणकावरील चित्रकादंबरी हा खेळ वाचल्यावांचून खेळतांच येत नाहीं. पडद्यावर स्थिर चित्र, त्याखालीं पात्रांचें भाषण. आणि मधूनमधून कथेची पुढील वाट वाचकानेंच निवडावयाची.

२०१७ सालची ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ ही अशीच कृति डॅन साल्वाटो यांनीं मोठ्या कंपनीवांचून, मोजक्या सहकाऱ्यांसह सिद्ध केली. तिच्यांतील भीषण प्रसंग लहानांसाठीं नव्हेत. परंतु ‘रेनपाय’ हें तिचें साधन आजही विनामूल्य मिळतें.

चित्रांनीं कथा सांगणें आपणांस नवें नाहीं. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढें करून रामायण-महाभारतांतील आख्यानें गातात. त्यांच्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. तेथें श्रोता कथेची वाट बदलूं शकत नाहीं. या खेळांत ती बदलतां येते, म्हणून परिणामाचा भारही त्याच्याच माथीं येतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत कथांचा दुष्काळ नाहीं. वैनगंगेचा पूर, धानाच्या बांध्या, रात्रभर रंगणारी दंडार यांची चित्रें परका कोण काढणार? एकानें लिहावें, दुसऱ्यानें रेखाटावें, तिसऱ्यानें जुळवावें. दुसऱ्यांचे खेळ खेळण्यांत सुटी घालविण्यापेक्षां आपला एक रचावा, हें बरें.